खानदेशात पियानो : वाजवायचा, शिकवायचा आणि लिहायचाही

खानदेशात राहून पियानो शिकायचा म्हटलं की घरात पहिला प्रश्न निघतो तो पोटापाण्याचा. रावेरकडचा केळीवाला बाप असो नाहीतर जळगावातलं डॉक्टर जोडपं, विचारणं सारखंच : "ताई, पुढं काय याचं?" प्रश्न रास्त आहे. मी भुसावळला राहते, पियानो वाजवते, शिकवते आणि मराठीतून संगीतावर लिहिते. या तिन्हींवर मिळून माझं घर चालतं. एकट्या कशावरही चाललं नसतं. या वाटेला नव्याने येणाऱ्यांना उपयोगी पडेल ते इथे एकत्र लिहिते आहे.

आधी मुद्द्याचं. मुंबईत पियानोवादकाला श्रोता थोडाफार आयता मिळतो. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात लोक तिकीट काढून येतात. २००६ पासून तिथे सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा वाद्यवृंद आहे, त्यामुळे या संगीताला नियमित येणारा एक वर्ग तयार झाला आहे. आपल्याकडे कान तयार नाहीत असं कुणी म्हणू नये. पण ते भजनाला तयार आहेत, कीर्तनाला आहेत, जळगावच्या बालगंधर्व महोत्सवातल्या ख्यालाला आहेत. पियानोचा श्रोता मात्र इथे आपला आपणच घडवावा लागतो, आणि नुसतं वाजवून तो घडत नाही. काय ऐकायचं, कुठे कान द्यायचा, हे त्याला त्याच्या बोलीत कुणीतरी सांगावं लागतं. माझं लिहिणं तिथून सुरू झालं. आज कार्यक्रम, विद्यार्थी, मानधन असं जे काही येतं त्यातलं बरंचसं या लिहिण्याच्या दारातून आत येतं. तेव्हा लेखन म्हणजे फावल्या वेळचा उद्योग, असं समजून पुढचं वाचू नका.

आता वाद्य. सगळ्यात जास्त पैसे इथेच पाण्यात जातात. दुकानात ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड दाखवतात, त्यात तबला वाजतो, ढोलकी वाजते, पोरगं खूश होतं. गाण्याच्या साथीला तो ठीक आहे, पण त्यावर पियानो शिकता येत नाही. पियानोला पट्ट्या ८८, आणि प्रत्येक पट्टीमागे तारेवर आपटणारी एक हातोडी. बोटाचा वेग बदलला की हातोडीचा वेग बदलतो आणि स्वर लहानमोठा होतो. सगळी कला या वजनात आहे. म्हणून डिजिटल पियानो घ्या, पण 'हॅमर अ‍ॅक्शन' आणि पूर्ण ८८ पट्ट्या असलेलाच. यामाहा, कॅसिओ, रोलँड यांपैकी कुठलाही चालेल. चाळीस-पन्नास हजारांपासून सुरुवात होते. सोबत मिळणारं प्लॅस्टिकचं चपटं पेडल बाजूला ठेवून खऱ्या पेडलच्या आकाराचं वेगळं घ्या. कैचीसारखा घडीचा स्टँड जोरात वाजवताना डुलतो, तोही टाळा. वीज अगदी थोडी लागते, भारनियमनात घरच्या इन्व्हर्टरवर सहज चालतो. दाब वरखाली होण्याने अ‍ॅडॅप्टर मात्र जळतो, म्हणून मध्ये स्पाइक गार्ड हवाच.

खरा, लाकडी पियानो घ्यायचाच झाला तर थोडं बसून ऐका, कारण हे तुम्हाला मुंबईचा विक्रेता सांगणार नाही. त्याच्यापुढे प्रश्न असतो समुद्राच्या दमटपणाचा. आपला प्रश्न उलटा आहे. पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि त्यांचा एकूण ताण पंधरा-वीस टनांच्या घरात जातो. हा ताण धरून ठेवणाऱ्या खुंट्या लाकडात ठोकलेल्या असतात. मे महिन्यात भुसावळ पंचेचाळीसच्या वर गेलं की हवेतला ओलावा पार नाहीसा होतो, लाकूड आकसतं, खुंट्या सैल पडतात, सूर खाली घसरतात. मग जून-जुलै येतो, तेच लाकूड फुगतं, सूर वर चढतात, पट्ट्या दाबल्या की अडकून बसतात. हे दरवर्षीचं.

आणि मध्ये आपला कूलर! खानदेशात उन्हाळा म्हणजे वाळ्याच्या ताट्यांचा कूलर, त्याला पर्याय नाही. पण कूलरचा ओला झोत थेट पियानोवर आला की दिवसभर लाकूड ओलावा पितं आणि रात्री कूलर बंद झाला की पुन्हा सुकतं. एका उन्हाळ्यात ट्यूनरची, म्हणजे सूर लावून देणाऱ्याची, मेहनत मातीत जाते. पियानो अशा खोलीत ठेवा जिथे कूलर नाही, आणि पश्चिमेच्या भिंतीला लावू नका, कारण ती भिंत आपल्याकडे रात्री दहापर्यंत भट्टी असते. आतल्या हातोड्यांना आणि दट्ट्यांना नमदा असतो, लोकरीचा. कसर त्याला लागते आणि उंदीर त्याचं घरटं करतात. खालची फळी उघडून डांबराच्या गोळ्या कापडात बांधून ठेवा आणि दिवाळीच्या साफसफाईत पियानोही उघडून बघा.

ट्यूनर मुंबई-पुण्याहून येतो. एकट्यासाठी बोलावला तर प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च अंगावर येतो, म्हणून जळगाव, भुसावळ, धुळे इथले आम्ही पियानोवाले मिळून एकच फेरी ठरवतो. पावसाळा सरल्यावर, हवा स्थिरावली की बोलवा. सूर फार घसरला असेल तर तो आधी सगळ्या तारा ढोबळमानाने वर ओढून घेतो आणि मगच बारीक सुरावट लावतो. पहिल्या बैठकीत लावलेलं टिकत नाही, ते त्याचं चुकलं असं समजू नका. दुसऱ्याच्या घरून पियानो आणला असेल तर दोन-तीन आठवडे त्याला नव्या खोलीत नुसता राहू द्या, लगेच लावून घेऊ नका. एवढं सगळं जमणार नसेल तर चांगला डिजिटल शंभर पटीने बरा. बेसूर लाकडी पियानोवर कान बिघडतात, आणि बिघडलेला कान सुधारायला वाद्य सुधारण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

गुरूबद्दल. पेटी शिकलेली मुलं माझ्याकडे बरीच येतात. सूर ओळखतात, लयीला पक्की असतात, ऐकून उतरवतात. हे भांडवल मोठं आहे, त्याची लाज वाटून घेऊ नका. पण पेटीत जोर येतो भात्यातून, बोट नुसतं पट्टी उघडतं. पियानोत जोर फक्त बोटातून, मनगटातून, खांद्यातून. शिवाय पेटीवाल्याचा डावा हात भात्याला गुंतलेला असतो, त्यामुळे पियानोवर तो अगदी कोवळा राहतो. पहिलं वर्ष डाव्या हाताचं, असं धरून चाला. नोटेशन वाचणं पहिल्या आठवड्यापासून लावा. ऐकून वाजवता येतंय म्हणून वाचन टाळणारी मुलं परीक्षांच्या तिसऱ्या-चौथ्या ग्रेडला हमखास अडकतात.

गावात शिक्षक नसेल तर ऑनलाइन शिका, पण तो उंटावरून शेळ्या हाकण्याचा प्रकार होऊ द्यायचा नसेल तर दोन गोष्टी करा. मोबाइल उजव्या बाजूने, पट्ट्यांच्या उंचीला लावा म्हणजे मनगट दिसतं. वरून घेतलेल्या चित्रात नुसती बोटं दिसतात आणि चुका लपतात. आणि झूमसारख्या अ‍ॅपमध्ये 'ओरिजिनल साऊंड'ची सोय चालू करा, नाहीतर पेडलवर रेंगाळणारा स्वर म्हणजे गोंगाट समजून अ‍ॅप तो कापून टाकतं. तरीही वर्षातून काही वेळा समोर बसून शिकायला हवं. आपलं नशीब असं की रेल्वे आहे. रात्री जेवून अमरावती किंवा विदर्भ एक्स्प्रेस पकडली की सकाळी मुंबई, दिवसभर शिकवणी, संध्याकाळी जमलं तर एखादी मैफल, आणि रात्रीच्या गाडीने परत. माझी पुष्कळशी वाचनं, आणि खरं तर पुष्कळसे लेखही, याच गाडीत झालेत.

परीक्षांविषयी पालकांच्या डोक्यात फार घोळ असतो. आपल्याकडे मुख्यतः दोन ब्रिटिश संस्थांच्या परीक्षा देतात : एबीआरएसएम आणि ट्रिनिटी कॉलेज लंडन. दोन्हींच्या ग्रेड आठपर्यंत. एबीआरएसएमची प्रात्यक्षिक परीक्षा १५० गुणांची. १०० ला पास, १२० ला मेरिट, १३० ला डिस्टिंक्शन. तीन रचनांना प्रत्येकी ३०, स्केल्सना, म्हणजे सरगमींना, २१, न पाहिलेलं नोटेशन तिथल्या तिथे वाजवण्याला २१ आणि कानाच्या परीक्षेला १८. सहाव्या ग्रेडपासून पुढे बसायचं तर पाचव्या ग्रेडची थिअरी किंवा तिला चालणारी पर्यायी परीक्षा आधी पास हवी. ही अट कळेपर्यंत काहींचं एक वर्ष जातं. ट्रिनिटीला अशी अट नाही. तिथे शंभरात ६० ला पास, ७५ ला मेरिट, ८७ ला डिस्टिंक्शन.

२०२० मध्ये एबीआरएसएमने व्हिडिओवरच्या 'परफॉर्मन्स ग्रेड' सुरू केल्या, आणि आपल्यासारख्यांचं मोठं काम झालं. चार रचना, त्यातली एक आपल्या आवडीची, सलग एका दमात वाजवून रेकॉर्ड करून पाठवायच्या. मध्ये थांबायचं नाही, कापाकापी करायची नाही. वजनदार पट्ट्यांचा पूर्ण डिजिटल पियानो चालतो. फक्त रेकॉर्डिंगचा दिवस नीट निवडा : दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार टाळा, पंखा बंद करून पहाटे बसा, आणि लग्नसराईत तर विचारूच नका. माझ्या एका विद्यार्थ्याच्या शांत, संथ रचनेच्या बरोबर मधोमध गल्लीतून वरात गेली. पोरगं न थांबता वाजवत राहिलं, पण ते पाठवण्यासारखं नव्हतं.

आठवी ग्रेड म्हणजे पदवी नव्हे, हेही स्पष्ट सांगते. आठवी झाली म्हणजे तुम्ही गंभीरपणे शिकायला लायक झालात. पुढे डिप्लोमा आहेत : एआरएसएम, एलआरएसएम, एफआरएसएम, किंवा ट्रिनिटीचे एटीसीएल, एलटीसीएल, एफटीसीएल. शिकवायचं असेल तर पहिला डिप्लोमा लवकर करा, त्याला पालक मानतात. आणि कॉलेज सोडू नका. बीए, बीकॉम जे असेल ते विद्यापीठातून पुरं करा. लेखन करायचं असेल तर मराठी किंवा इतिहास घेऊन केलेलं बीए फुकट जात नाही.

श्रोते घडवायचे म्हणजे नेमकं काय, ते एका उदाहरणाने सांगते. जर्मन रचनाकार बाखच्या दोन आवाजांच्या 'इन्व्हेन्शन्स' नावाच्या छोट्या रचना आहेत, एकूण पंधरा, १७२३ मध्ये त्याने त्यांची नीटस प्रत केली. त्या प्रतीच्या पहिल्या पानावरच त्याने हेतू लिहून ठेवला आहे : शिकणाऱ्यांना दोन आवाज स्वच्छ वाजवता यावेत आणि हाताला गाणं यावं. त्यातली पहिली, सी मेजरमधली, जेमतेम बावीस मापांची (बारची). जळगावच्या एका छोट्या सभागृहात मी ती वाजवायची ठरवली तेव्हा समोर बसणार होते भजनी मंडळातले ज्येष्ठ, शिक्षक, काही कॉलेजची मुलं. 'काउंटरपॉइंट' (एकाच वेळी चालणाऱ्या स्वतंत्र सुरावटी) असं बोलून त्यांना उठवून लावण्यात अर्थ नव्हता. म्हणून कार्यक्रमपत्रिकेवर मी एवढंच लिहिलं : उजवा हात म्हणतो सा रे ग म रे ग सा, आणि मग प. तो प वर पोचतो न पोचतो तोच डावा हात खालच्या सप्तकात तेच म्हणू लागतो. पुढे हे दोघे कधी एकमेकांचं उचलतात, कधी तेच उलटं करून म्हणतात. कीर्तनात बुवांनी सोडलेला चरण टाळकरी उचलतात तसं. फरक इतकाच की इथे बुवा गप्प बसत नाहीत, टाळकऱ्यांच्या बरोबरीने पुढचं म्हणत राहतात.

वाजवण्याआधी मी नुसता डावा हात वाजवून दाखवला, मग नुसता उजवा, मग दोन्ही. दीड-दोन मिनिटांची रचना आणि तिच्याआधीचं बोलणं तिच्या तिप्पट. संपल्यावर मागच्या रांगेतले धरणगावकडचे एक आबा उठून म्हणाले, "हाई ते आपली सरगमच शे वो ताई! परत एकदा होऊ द्या." मग परत वाजवली, आणि दुसऱ्या वेळी लोक डाव्या हाताकडे कान देऊन ऐकत होते, हे मला स्टुलावरून कळत होतं. त्या पत्रिकेवरचा मजकूर एका पुरवणीच्या संपादकांच्या हाती पडला आणि त्यांनी तसंच आणखी मागितलं. माझं छापील लेखन असं सुरू झालं.

यात नवं काही नाही म्हणा. जर्मन रचनाकार रॉबर्ट शूमान हा पुस्तकविक्रेत्याचा मुलगा, कायदा शिकायला लाइपझिगला गेला आणि पियानोच्या नादी लागला. १८३२ च्या सुमारास त्याचा उजवा हात दुखावला आणि वादक होण्याचं त्याचं स्वप्न संपलं. १८३४ मध्ये त्याने मित्रांना घेऊन संगीताचं एक नियतकालिक काढलं आणि जवळपास दहा वर्षं चालवलं. त्याच्याही आधी, १८३१ मध्ये, तरुण पोलिश रचनाकार शोपँ जर्मनीत फारसा कुणाला ठाऊक नसताना शूमानने त्याच्यावर लिहिलं होतं. पुढे १८५३ मध्ये विशीतला रचनाकार ब्राम्स याच्यावर लिहिलं. आपल्या लेखांत तो दोन काल्पनिक पात्रं बोलायला लावायचा, एक उतावळं, एक स्वप्नाळू. त्यामुळे समीक्षासुद्धा गप्पांसारखी वाचली जायची. म्हणजे श्रोता घडवण्याचं काम लाइपझिगमध्येही लेखणीनेच करावं लागलं, जिथे गल्लोगल्ली पियानो होते.

पण याच घराची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. क्लारा शूमान, रॉबर्टची पियानोवादक बायको. आठ मुलांची आई, नवरा १८५६ मध्ये गेला, आणि ती पुढची कित्येक वर्षं युरोपभर वाजवत हिंडली, १८७८ पासून फ्रँकफर्टला शिकवलं. रॉबर्टच्या रचना लोकांच्या कानी पडल्या त्या मोठ्या प्रमाणात तिच्या हातांमुळे. लिहिणाऱ्याचं नाव छापून उरतं, पण घर चालवलं वाजवणारीने आणि शिकवणारीने. तुमच्या मनात 'मी लिहिणारा कलावंत' अशी काही हवा असेल तर क्लाराचं वेळापत्रक आठवा.

पियानोवादक आल्फ्रेड ब्रेंडेलचंही सांगते, कारण त्याची गोष्ट छोट्या गावातल्या मुलांना धीर देणारी आहे. सोळाव्या वर्षानंतर त्याला नियमित असा गुरू नव्हता. स्वतःचं वादन टेपरेकॉर्डरवर धरायचं, ऐकायचं, सुधारायचं. १९४९ च्या बुझोनी पियानो स्पर्धेत तो चौथा आला होता, पहिला नव्हे. पुढे जगातल्या मोठ्या वादकांत गणला गेला, निबंध लिहिले, कविता लिहिल्या, २००८ मध्ये मंचावरून निवृत्त झाला आणि २०२५ मध्ये गेला. टेपरेकॉर्डरच्या जागी आज तुमच्या खिशात मोबाइल आहे. रोजचं वाजवणं रेकॉर्ड करा, पण लगेच ऐकू नका. दुसऱ्या दिवशी ऐका, वही घेऊन. 'चौथ्या मापात डावा हात जड', 'इथे घाई', असं दोन-चार शब्दांत टिपा. ही रियाजाची वही म्हणजेच लेखनाचा रियाज. काय ऐकू आलं ते नेमक्या शब्दांत पकडणं, यापलीकडे संगीतावरचं चांगलं लेखन फारसं काही नसतं. 'स्वरांचा अमृतवर्षाव', 'मंत्रमुग्ध श्रोते' हे शब्द वहीत कधी येत नाहीत, लेखातही येऊ देऊ नका.

हातांची काळजी. वाजवणाऱ्याने लिहायचं ठरवलं की एक गोष्ट कुणी सांगत नाही : पियानो आणि टायपिंग दोन्ही कोपराखालच्या त्याच स्नायूंवर पडतात. सकाळी चार तास शोपँ आणि दुपारी तीन तास लॅपटॉप, असं केलंत तर महिन्याभरात मनगट बोलू लागतं. मी कच्चा मसुदा बोलून टाइप करते. मोबाइलला आता मराठी बऱ्यापैकी कळतं, जोडाक्षरांवर अडखळतं तेवढं नंतर दुरुस्त करायचं. बोलून लिहिण्याचा दुसरा फायदा म्हणजे वाक्यं बोलण्यासारखी येतात. दुखत असेल तर थांबा. दुखणं दाबून वाजवणं यात शौर्य नाही. चांगल्या फिजिओथेरपिस्टला दाखवा आणि स्टुलाची उंची आधी तपासा, निम्मे आजार तिथेच असतात.

लेखनाचं बाजारू अंगही सांगायला हवं. वृत्तपत्राच्या पुरवणीत सातशे-आठशे शब्दांच्या वर कुणी घेत नाही, आणि संपादकाला एका लेखात एकच गोष्ट हवी असते. दिवाळी अंकांत जागा सैल असते. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'ने ही प्रथा सुरू केली आणि आजही लांब लेखाला मराठीत तिच्याइतकं दुसरं घर नाही. पण अंकांची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते. गणपतीत लेख पाठवाल तर संपादक पुढच्या वर्षी या म्हणतील. मजकूर युनिकोडमध्ये पाठवा. विदेशी नावांचे उच्चार त्या त्या भाषेतल्या वादकांच्या मुलाखती ऐकून ठरवा आणि एका लेखात एकच लेखन ठेवा. नोटेशनचा तुकडा छापायचा असेल तर आपल्या कायद्याप्रमाणे रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क चालतो. बाख, शूमान मोकळे आहेत, आयएमएसएलपी या संकेतस्थळावर त्यांच्या जुन्या प्रती मिळतात. नव्या संपादित आवृत्तीचे हक्क मात्र वेगळे असू शकतात, तिचं पान उचलून छापू नका.

ज्यांच्याबरोबर तुम्ही वाजवता त्यांच्या कार्यक्रमाचं परीक्षण लिहू नका. आपलं क्षेत्र एवढंसं आहे की चांगलं लिहिलंत तर संगनमत आणि वाईट लिहिलंत तर हेवा, असाच अर्थ लावला जातो. मी रचनांवर लिहिते, वाद्यांवर लिहिते, दिवंगत वादकांवर लिहिते. जिवंतांवर फक्त मुलाखत.

मानधनावर जगता येईल का? नाही. लेखांचं मानधन बहुतेक ठिकाणी शेकड्यांत आणि क्वचित हजारांत, तेही अंक निघून महिने लोटल्यावर. सगळ्यात भक्कम उत्पन्न शिकवणीचं. त्यातही परदेशातल्या मराठी कुटुंबांची मुलं ऑनलाइन शिकतात, त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट, आणि पहाटे खानदेशात वीज आणि गारवा दोन्ही असतात. दुसरं काम साथीचं. व्हायोलिन, बासरी, गाणं यांच्या ग्रेड परीक्षांत पियानोची साथ लागते, आणि नाशिक-पुण्याच्या शिक्षकांना नीट वाचून साथ करणारं माणूस नेहमी कमी पडतं. ज्याचं न पाहिलेलं नोटेशन वाचणं चांगलं, त्याला हे काम मिळतंच. चर्चमधली लग्नं, सीबीएसई शाळांतली संगीतशिक्षकाची जागा, स्टुडिओतलं कीबोर्डचं काम, हे सगळं मी केलं आहे आणि कशातही कमीपणा वाटला नाही. हॉटेलच्या लाउंजचं आणि क्रूझचंही काम असतं, पैसे बरे, पण तिथे तीच वीस गाणी रोज वाजवून हात आळशी होतात असं माझं मत.

परदेशी शिकायला जायचं डोक्यात असेल तर जर्मनीचा विचार आधी करा. तिथल्या बहुतेक राज्यांत सरकारी संगीत विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो पडतात. प्रवेश मार्कांवर नाही, वाजवून मिळतो : साधारणपणे बाखचा प्रिल्यूड आणि फ्यूग, बीथोव्हन-मोझार्टच्या काळातला सोनाटा, एक एत्युद (तंत्राची अभ्यासरचना) आणि एखादी रोमँटिक रचना. जर्मन भाषा यायला हवी, आणि तिला दीड-दोन वर्षं द्या. मात्र अठराव्या वर्षी पहिल्यांदा पट्टीला हात लावलेल्या मुलाने एकल वादक म्हणून तिथे टिकण्याची आशा धरू नये. तिथे समोर बसलेली मुलं पाचव्या-सहाव्या वर्षापासून वाजवत असतात. त्या मुलाने साथसंगत, अध्यापनशास्त्र, संगीतशास्त्र या शाखा बघाव्यात. लिहिता हात असेल तर संगीतशास्त्रात तो फार चालतो.

परत यायचं की नाही, हे मात्र मला विचारू नका. मी भुसावळ सोडलंच नाही, त्यामुळे माझं मत एकतर्फी आहे. ज्यांना इथेच राहून करायचं आहे त्यांनी पहिल्या वर्षी एवढं करावं : हॅमर अ‍ॅक्शनचा पियानो, आठवड्याला एक शिकवणी, वाचनाचा रोज अर्धा तास, रियाजाची वही, आणि ग्रेडची रचना तयार झाली की घरच्या बैठकीत शेजारपाजाऱ्यांना बोलावून ती वाजवणं. बोलावताना प्रत्येकाच्या हातात अर्ध्या पानाचा कागद द्या, त्यात कुठे कान द्यायचा ते लिहा. भरीत-भाकरी ठेवलीत तर लोक नक्की येतात. जेवणाच्या आधी वाजवा, नंतर कुणी ऐकत नाही.